बर्फाची उचल

माझं शुद्धलेखन चुकतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही चांगलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, नंतर मेंढरांमागं गेले, आणि त्यानंतर पेन हातात आलं ते बचत गटाच्या वहीत सही करण्यापुरतंच. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. तिच्या हाती कधी लागलंच तर तिनं ऱ्हस्व-दीर्घ नीट करावेत, मजकूर बदलू नये. हे मी तोंडानं कुणाला सांगू शकले नसते. चार माणसं बसली की माझा आवाज घशातच राहतो.

आम्ही नवरा-बायकोनं चौदा हिवाळे ऊस तोडला. घरी वीस-बावीस मेंढरं, सासू आणि लेक. सासूबाईंना मी आत्या म्हणते, नवऱ्याला मालक. दिवाळी झाली की मेंढरं आणि लेक आत्यांच्या हवाली करायची आणि आपण गाडीत बसायचं. हंगामाच्या आधी मुकादम पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ती एकट्या माणसाला मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या जोडीवर असते. एकजण अडला की दुसराही अडला.

दोन वर्षांमागं, पोळा झाल्यावर, मुकादम घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "औंदा ऊस न्हाई. औंदा बर्फ."

मालकांना थट्टा वाटली. "कसला बर्फ? गोळ्याचा?"

"डोंगरावरचा. उत्तरेत, लई वर. तितं हॉटेल हाय. हिवाळ्यात लोक येतेत आन पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतेत. स्की म्हणतेत त्याला."

"घसरायचे पैसे घेतेत लोक?"

"घेत न्हाईत बे, देतेत. तासाचे देतेत."

आत्या भिंतीला टेकून लोकर पिंजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपल्याकडं गारा पडल्या की तलाठी पंचनामा करतोय. तितं जत्रा भरती म्हणा की."

मुकादम हसले. मग त्यांनी काम सांगितलं. गड्यानं पायऱ्यांवरचा आणि वाटेवरचा बर्फ फावड्यानं ओढायचा. बाईनं भांडी घासायची, लोकांचे ओले बूट आणि मोजे वाळवायचे. चार महिने. खोली, जेवण, गरम कपडे त्यांचे. चार जोड्या पाहिजेत. पैसा उसाइतकाच, पण डोक्यावर मोळी नाही.

मोळी नाही, एवढंच मी ऐकलं. चौदा हिवाळे मोळ्या वाहून माझा उजवा खांदा खाली उतरला आहे. झंपर शिवणारी बाई माझी उजवी बाही वेगळी मापते. मालकांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

मुकादमांनी मोबाईल काढला आणि ते ठिकाण दाखवलं. मी लेकीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सगळं पांढरं होतं. कापूस वेचून झाल्यावर अंगणात ढीग लागतो तसं नाही, त्याला सावली असते. याला काहीच नव्हतं. त्या पांढऱ्यावरून रंगीत कपड्यांची माणसं वाकडीतिकडी घसरत खाली येत होती. वर तारेला टांगलेले पाळणे चालले होते. आणि चित्राच्या कडेला, उजव्या हाताला, एक बाई उभी होती. पाठमोरी. अंगावर काळं काहीतरी, डोक्यावरून घेतलेलं. सगळं हलत होतं, ती हलत नव्हती.

"ती बाई कोण?" मी विचारलं. एवढं बोलायलाही मला धीर करावा लागला.

"कुटं बाई?" मुकादम म्हणाले. "खांब हाय तो. पाळण्याचा खांब."

मालक म्हणाले, "खांबच हाय गं." लेक म्हणाली, "खांबाला काळं कापड गुंडाळलंय आई." मुकादमांनी ते परत लावून दाखवलं. मी पाहिलं. मला बाईच दिसली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता.

मी म्हटलं, हो, खांबच आहे.

त्याच दिवशी कागद झाला. मुकादम अंगठ्याचा डबा पुढं करत होते, मी म्हटलं, मला सही येते. सही केली. आमच्या मुकादमांची एक रीत आहे, उचल ते बाईच्या हातात ठेवतात, लक्ष्मीच्या हातात दिली की बरकत येते म्हणून. त्यांनी नोटा माझ्या उजव्या हातावर ठेवल्या. मला आठवतं, त्या गार लागल्या. वरच्या खिशातून काढलेल्या, माणसाच्या छातीजवळच्या नोटा, आणि धुतलेल्या ताटासारख्या गार. त्या पैशातून मेंढरांच्या वाड्याला जाळी आली आणि पत्रे आले, कारण त्या वर्षी लांडग्यानं तीन कोकरं नेली होती. आठ दिवसांत पैसा पत्र्यात गेला.

मग आमची तयारी सुरू झाली. तेवढे दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. परळीला रेल्वेत बसायचं, दोन रात्री गाडीत, पुढं बस, पुढं मुकादमांच्या ओळखीची जीप. मालकांनी कडब्याच्या गंजीवरून घसरून लेकीला दाखवलं आणि पँट फाडून घेतली. आत्यांना वेगळ्याच चिंता होत्या. सकाळी बाईमाणसानं कुठं जायचं. बाजरीचं पीठ गार पाण्यात मळलं जाईल का. इथंच थंडीत खोबरेल गोठतं, तिथं डोक्याला काय लावायचं. मला संक्रांतीची काळजी होती, वाणाला पाच बाया कुठून आणायच्या. आमच्या चार जोड्यांच्या चार बाया झाल्या, पाचवी कोण, याचा मी बरेच दिवस विचार केला. लेक म्हणायची, बाटलीत भरून बर्फ आण. मी कारळाची चटणी किती न्यायची ते ठरवलं, तीळ निवडून ठेवले, आणि एक घोंगडी करायला घेतली.

घोंगडीची लोकर मी स्वतः कातली. काळ्या मेंढीची, दुहेरी पिळाची. धर्मापुरीकडचा एक विणकर आमची घोंगडी विणून देतो. सूत हातात घेऊन तो म्हणाला, "कावून एवढं जाड? ही पांघरली तर माणूस दबून मरंल." घोंगडी आली ती उभी केली तर उभी राहत होती. आत्यांनी चिंचोक्याची खळ देऊन ती वाळत टाकली. दुपारी दाराबाहेर आले आणि मला दचकायला झालं. दोरीवर ती काळी, पाठमोरी, मधे अंगाएवढा फुगवटा धरून लटकत होती.

हे सगळं चाललेलं असताना एक गोष्ट झाली होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. मला थंडी वाजत नव्हती.

पहिल्यांदा कळलं ते पितृपक्षातल्या एका पावसात. मेंढरं माळावर होती, आडोसा नव्हता. घरी येईपर्यंत मालकांचे दात वाजत होते, ते चुलीपाशी बसले. मी तशीच ओल्या लुगड्यात भाकरी थापली. माझ्या ध्यानातही आलं नाही. आत्या म्हणाल्या, बदल गं लुगडं, तेव्हा अंगाला हात लावला तर अंग त्या पावसाएवढंच गार होतं. पण मला गार वाटत नव्हतं. दसरा झाला, सकाळी हापशावर बायका पदर कानाला गुंडाळून येऊ लागल्या, मी उघड्या हातांनी पाणी भरायची. मला वाटलं, बरंच आहे. बर्फात जायचं आहे, देवानंच सोय केली.

आता मेंढीची गोष्ट सांगते.

आमच्यात लांबच्या मुक्कामाला निघण्याआधी देवाला विचारतात. जुन्यातली जुनी मेंढी देवापुढं आणायची, तिच्या पाठीवर हळदीचं पाणी घालायचं आणि विचारायचं. मेंढीनं अंग झाडलं की देवाचा होकार झाला. नाही झाडलं तर थांबायचं. चौदा वर्षांत कधी थांबावं लागलं नव्हतं. पाणी पडलं की मेंढी झाडतेच, तिचा स्वभावच तो. एकच नियम आहे, नुकतीच कातरलेली मेंढी विचारायला घ्यायची नाही. उघड्या कातडीवर पाणी पडलं की ती झाडणारच, त्याला होकार म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

त्या वर्षी मालकांनी आदल्या दिवशी ती म्हातारी मेंढी कातरली. आत्यांनी पाहिलं. "हे कावून केलंस?"

"कातरायचे दिवसच हायेत माय. कदी ना कदी कातरायचीच."

"आजच बरी सुचली."

तरी आत्यांनी तांब्या घेतला. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. आत्यांनी पहिल्यांदा मालकांसाठी विचारलं. पाणी पडतं न पडतं तोच मेंढीनं असं अंग झाडलं की आमच्या तिघांच्या तोंडावर शिंतोडे उडाले. मालक हसले. "झालं. काढा बोचकी."

"थांब," आत्या म्हणाल्या. "तिचं राहिलं." त्यांनी माझं नाव घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि पाणी घातलं.

मेंढी उभी राहिली. पाणी तिच्या गुलाबी कातडीवरून दोन्ही बाजूंनी खाली आलं, पोटाखालून थेंब थेंब पडलं. तिचा कानही हलला नाही. आत्यांनी रांजणातलं गार पाणी आणलं, दुसरा तांब्या घातला. तिसरा घातला. शेजारी बांधलेल्या मेंढीवर चार थेंब उडाले तर तिनं लगेच झाडलं. पण ही चार पायांवर ठोकल्यासारखी उभी, डोळे उघडे, माझ्याकडं बघत. पाणी आपल्यावर पडतच नाही असं तिचं चाललं होतं.

मालक म्हणाले, "म्हातारी झाली. तिला कळत न्हाई आता."

"तुझ्यापुरतं कळलं की तिला," आत्या म्हणाल्या आणि तांब्या पालथा घालून आत गेल्या.

मालकांनी मला समजावलं. पत्रे उतरवून दुकानात परत देता येत नाहीत. जोडीनंच जायचं असतं. एका मेंढीपायी मुकादमाला काय सांगायचं. मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, तेव्हाही आलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं मुकादमांनी आम्हा चारही जोड्यांना माजलगावला नेलं. म्हणाले, तिकडचा मॅनेजर म्हणतोय, माणसं थंडीला टिकतील का ते आधी बघा, नाहीतर आठ दिवसांत पळून येतेत. धरणातल्या मासळीला बर्फ लागतो, त्यासाठी तिथं एक बर्फाचा कारखाना आहे. तिथल्या ओळखीच्या माणसाला सांगून त्यांनी आम्हाला बर्फ साठवायच्या खोलीत बसवलं. एक तास. शाल घ्यायची परवानगी होती.

खोलीला खिडकी नव्हती. जाड दार, त्यावर गोणपाटाचा पडदा, एक पिवळा दिवा. भिंतीला लागून बर्फाच्या लाद्या, भुसा टाकलेल्या. कुठूनतरी यंत्राची घरघर येत होती, आणि मधेच लादी तडकल्याचा आवाज व्हायचा, कुणी बोटं मोडावीत तसा. आम्ही आठजण पोत्यांवर बसलो. शेजारच्या वस्तीवरची एक बाई माझ्याजवळ होती, मोठी बोलकी. ती म्हणाली, "मुकादमानं आपल्याला मासळीसारकं रचून ठिवलं बग. आता फकस्त मीठ लावायचं राहिलं."

सगळे हसले. हसताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघाली. तिला त्याची गंमत वाटली. "बगा, बिडी न वढता धूर." मग सगळेच तोंडातून वाफा काढू लागले, गडी सुद्धा, लहान मुलांसारखे. ती मला म्हणाली, "तू बी काढ की गं, लाजतीस कावून?"

मी फुंकलं. काही आलं नाही.

"जोरात."

मी तोंड उघडून जोरात श्वास सोडला. दिव्याच्या उजेडात माझ्या तोंडापुढं काहीच दिसलं नाही. ती हसली. मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, मग माझ्या हाताकडं. माझ्या मनगटावरच्या लवेवर पांढरं दव धरलं होतं आणि ते विरघळत नव्हतं. ती पोतं ओढून थोडी पलीकडं सरकली.

तास झाला, दार उघडलं. सातजणांचे ओठ निळे पडले होते, मालकांना उभं राहता येत नव्हतं. मी शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. मुकादमांनी माझे हात पाहिले आणि खूश झाले.

"वहिनी, तुमी तर तयारच हाय. मॅनेजरला सांगतो, ही बाई पैली घ्या. हिला थंडीच न्हाई."

बाकीचे बाहेर उन्हात हात चोळत बसले होते. कुणीतरी माझी चेष्टा केली, म्हणे, हिच्या पोटात चूल हाय. ती बोलकी बाई मात्र हसली नाही.

घरी आलो. मालकांनी कौतुकानं सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं, मला जवळ बसवलं आणि आपला तळहात माझ्या नाकाखाली धरला. कोकरू जन्मलं आणि हललं नाही की त्या असाच हात धरतात. बराच वेळ धरला.

"श्वास हाय," त्या म्हणाल्या. "गार हाय."

मग मालकही आले, त्यांनीही हात धरला आणि लगेच काढून घेतला.

"पोरी," आत्या म्हणाल्या, "तू गेलीस बग तिकडं. आदीच गेलीस. हितं हाय ते नुसतं काम करायला राहिलंय."

मी त्यांना मोबाईलमधल्या बाईचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं, नोटा गार लागल्याचं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. आत्यांनी विचारलं, "पैसे कुण्या हातानं घेतलेस?"

"उजव्या."

"त्याच हातानं दे परत. सगळे. एक रुपाया त्येंच्याकडं राहिला तर तेवडी तू तिकडं राहशील."

"आन पत्रे?" मालक म्हणाले. "पैसे आता आणायचे कुटून?"

"कमवा," आत्या म्हणाल्या. "दोघं हायेत. म्हणजे दीड हायेत."

त्या हसत नव्हत्या. पण मालकांना हसू आलं आणि मग त्यांचे डोळे भरले. ते म्हणाले, "मी सांगतो मुकादमाला." आत्या म्हणाल्या, "न्हाई. घेतलं तिनं, तीच सांगंल."

मुकादमांच्या घरापर्यंत अर्ध्या कोसाची वाट आहे. वाटेभर मी तीन शब्द घोकत गेले, मी येणार नाही. तिथं पोचले तर ओसरीवर चारजण बसलेले. मी खांबाशी उभी राहिले. मुकादम म्हणाले, "बोला वहिनी, गाडीचं विचारायला आलाव का?"

"मी येत न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"मी न्हाई येत. पैसे फेडीन."

बसलेल्यातला एकजण म्हणाला, "अरे, ह्यांना आवाज हाय की." सगळे हसले. मुकादम हसले नाहीत. त्यांनी कारण विचारलं, मला ते सांगता येईना. मग ते चिडून बोलले, की तुमच्या जिवावर मी वर शब्द दिला, की पत्रे घालताना आठवलं नाही का, की बायकांच्या नादानं धंदा बसतो. ते बोलत होते तोवर मी खांबाला धरून उभी राहिले. त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी म्हणाले, "फेडणार कदी?"

"वैशाखापत्तर."

"बगू," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

आमच्या जागी दुसरी जोडी गेली. आम्ही उचल न घेता माजलगावच्या बाजूला रोजानं ऊस तोडला. मोळ्या पुन्हा डोक्यावर आल्या. तो हिवाळा मी कधी विसरणार नाही. पौषात पहाटे उसाच्या पानांवरचं दव पाण्यासारखं ओघळतं, तोडणाऱ्या बायका पायांना चिंध्या बांधतात. मी अनवाणी जायची. पाय कापले तर रक्त उशिरा यायचं. बायका शेकोटीला बोलवायच्या, मी गेले तरी मला ऊब लागायची नाही, तेव्हा जाणंच सोडलं. कधी कधी दुपारी डोळे मिटले की पांढरं दिसायचं, आणि वरून पाळण्यांचा करकर आवाज यायचा. मला वाटायचं, मी मान वळवली तर लोक घसरताना दिसतील. मी वळवत नव्हते.

संक्रांतीआधी पहिले पैसे दिले, उजव्या हातानं. घरी येऊन आरशावर फुंकलं. आरसा स्वच्छच राहिला. शिवरात्रीला पुन्हा दिले. आरसा तसाच. तेव्हा मला खरी भीती वाटली. आत्यांचं चुकलं असेल तर काय, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही आरशाचं विचारलं नाही. फक्त मी घरी असेन त्या सकाळी चहा देताना त्यांचा हात माझ्या नाकापाशी जरा रेंगाळायचा.

होळी झाल्यावर बर्फावर गेलेली माणसं परत आली. तोंडं काळी पडलेली, नाकाची सालं निघालेली, पण सगळी धडधाकट. ती बोलकी बाई बाजारात भेटली. नवं स्वेटर उन्हात घालून फिरत होती. सांगत सुटली, की तिथं बायकासुद्धा फळ्या बांधून घसरतात, की एका मॅडमनं मला पाच मिनिटं शिकवलं, मी बसकण मारून सगळा डोंगर उतरले, की बाजरीचं पीठ मळताना रडू यायचं. मी ऐकत होते. मग विचारलं, "तितं कडेला एक खांब हाय का? काळं कापड लावलेला?"

ती थांबली.

"हाय," ती म्हणाली. "तुला कसं ठावं?"

"मोबाईलमदी बघितला."

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याजवळ आली. बर्फखोलीत सरकली होती ती, आता जवळ आली. "त्या खांबाच्या बुडाशी दोन खड्डे असायचे. पायाएवडे. माझा मालक रोज बर्फ टाकून बुजवायचा, सकाळी पुन्हा हायेत तसे. त्यो म्हणायचा, लोखंड उन्हानं तापतंय, भवतालचा बर्फ इतळतोय. आसंल बी. पण ऊन नसलं तरी असायचेच." मग हळू म्हणाली, "मला कसंतरी वाटायचं गं. मी येता जाता तितं भाकरीचा तुकडा ठिवायचे."

"निघताना बगितलंस का?"

"बगितले. होते."

मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही, पण तिच्या अंगावर काटा आला तो मला दिसला. मला वाटलं, मी तिला सांगावं, की तू ठेवलेल्या भाकरीबद्दल तुझे उपकार आहेत. पण बाजारात एवढं बोलणं मला जमलं नाही.

आता थोडेच पैसे राहिले होते आणि ऊस संपला होता. घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती घोंगडी. ती मी एकदाही पांघरली नव्हती. चैत्रातल्या उन्हात घोंगडी कोण घेणार म्हणून मालक नको म्हणत होते. मी चतुर्थीला लिंबागणेशला गेले आणि देवळाच्या वाटेवर, फुलं विकणाऱ्या बायकांच्या शेवटी, ती पसरून बसले. लोक पाहून जायचे. संध्याकाळच्या आत एका म्हाताऱ्या बाईंनी घेतली, पारायणाला बसायला आसन पाहिजे म्हणून. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "उन्हात ठिवलीय तरी गार कशी लागती?" मी म्हटलं, काळ्या मेंढीची आहे. त्यांनी घासाघीस केली नाही. आत्यांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाच्या कामाला गेली न्हवं, मग तिला भ्यायचं कारण न्हाई."

वैशाखात एका दुपारी मी मुकादमांकडं गेले. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. या खेपेला ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. मुकादमांच्या बायकोनं माठातलं पाणी आणून दिलं, मी तांब्या डाव्या हातात धरला आणि पदराच्या गाठीतले पैसे उजव्या हातानं सोडवून त्यांच्यापुढं धरले.

ते मोजू लागले. मी एक घोट पाणी घेतला. ते माझ्या दातांना लागलं. पहिल्यांदा मला कळलंच नाही काय झालं ते. मग पाणी छातीतून खाली उतरताना जाणवलं, आणि पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत माझं अंग असं झाडलं गेलं की तांब्यातलं पाणी ओसरीवर सांडलं. दात वाजत होते. बाहेर ऊन भाजत होतं आणि मला थंडी वाजत होती, सात-आठ महिन्यांची राहिलेली सगळी थंडी. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"ताप हाय का वहिनी?" मुकादमांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तुमी मोजा."

त्यांनी शेवटची नोट खाली ठेवली, वही उघडली, आमच्या नावावर आडवी रेघ ओढली आणि वही माझ्यापुढं धरली. वाचता येतं म्हणून वाचलं. सगळे फिटले.